हाताची घडी उलगडताना : प्राथमिक वर्गातील खुणांची भाषा

जुलै महिन्यातील एखादी दुपार. सिंधुदुर्गनगरीहून, म्हणजेच ओरोसहून, आडवाटेला असलेल्या एखाद्या वाडीवरील जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पत्र्याच्या छपरावर सर कोसळू लागते आणि बाईंचा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे पोहोचेनासा होतो. एकाच खोलीत एका बाजूला पहिली-दुसरीची मुले अक्षरे गिरवीत बसलेली असतात. दुसऱ्या बाजूला तिसरी-चौथीचा भागाकार चाललेला असतो. मागच्या भिंतीजवळचा एक मुलगा करंगळी उंचावतो. बाई फळ्यावरील उदाहरण न थांबविता मान हलवितात. मुलगा उठून जातो, परत येतो, जागेवर बसतो. भागाकार तोवर दोन पायऱ्या पुढे गेलेला असतो.

या साऱ्या व्यवहारात एकही शब्द खर्ची पडलेला नसतो. करंगळीची ही खूण कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, कोणत्याही परिपत्रकात नाही. तरीही महाराष्ट्रातील शाळेत शिकलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. प्राथमिक वर्गाचे व्यवस्थापन साध्या हस्तसंकेतांनी करावे, ही कल्पना अलीकडे परदेशी चित्रफिती पाहून नव्याने मांडली जाते. प्रत्यक्षात तिचे बीज आपल्या वर्गांत कित्येक पिढ्यांपासून आहे. उणीव आहे ती एवढीच, की ते बीज करंगळीपाशीच थांबले.

दोन शिक्षक आणि चार इयत्ता

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. मुंबई-गोवा महामार्गालगत ओरोस येथे जिल्ह्याचे मुख्यालय वसविण्यात आले. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि तिचा शिक्षण विभाग येथेच आहे. पण ज्या शाळांचा कारभार येथून चालतो त्या बहुतांशी विखुरलेल्या वाड्यांवर आहेत. कोकणातील गाव म्हणजे एका जागी दाटीने वसलेले गावठाण नव्हे. डोंगर, व्हाळ आणि माडा-पोफळीच्या बागा यांच्यामध्ये पसरलेल्या वाड्यांचा तो समूह असतो. साहजिकच शाळा अनेक आणि प्रत्येकीचा पट लहान, असे येथील चित्र आहे. नोकरीसाठी मुंबईकडे होणाऱ्या स्थलांतराने हा पट आणखी आटला.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असा निकष आहे. शहरातील वाचकाला हा आकडा सुखाचा वाटेल. एका शिक्षकामागे तीसच मुले! तथापि चार किंवा पाच इयत्ता आणि दोन शिक्षक, असे गणित मांडले की अडचण ध्यानात येते. प्रत्येक शिक्षकाकडे किमान दोन इयत्ता येतात. दोघांपैकी एकजण बैठकीसाठी तालुक्याला किंवा ओरोसला गेला, तर उरलेल्याकडे संपूर्ण शाळा.

अशा बहुवर्ग खोलीत व्यत्यय ही सर्वांत महाग गोष्ट असते. ‘बाई, पाणी पिऊक जाव?’ हा प्रश्न एका मुलाने विचारला तरी तो दोन इयत्ता ऐकतात. बाईंनी दिलेले उत्तरही दोन्ही इयत्ता ऐकतात. आणि मग आणखी चौघांना तहान लागते. पेन्सिलीला टोक काढण्याची परवानगी, झालेला स्वाध्याय दाखविण्याची घाई, शेजाऱ्याची तक्रार, अशा किरकोळ देवघेवीत तासिकेचा मोठा भाग निघून जातो. भागाकार शिकणाऱ्या मुलाचा धागा प्रत्येक वेळी तुटतो आणि तो पुन्हा जुळविताना बाईंना मागच्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

अमेरिकेतील डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी वर्गांच्या चित्रफिती तपासून १९७० मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला. गैरवर्तन घडल्यानंतर शिक्षक काय करतो यावर वर्गाची शिस्त फारशी अवलंबून नसते, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळी अनेकांना अनपेक्षित होता. चांगले शिक्षक वेगळे ठरत होते ते निराळ्याच गुणांमुळे. वर्गात कोठे काय चालले आहे याचे भान त्यांना होते आणि ते तसे आहे हे मुलांनाही ठाऊक होते. दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळणे त्यांना जमत होते. आणि पाठाचा ओघ ते स्वतः तोडत नव्हते. पाठीलाही डोळे असलेले गुरुजी आपल्याकडे प्रत्येक पिढीने पाहिले आहेत. दोन इयत्तांच्या शिक्षकाला तर हे तिन्ही गुण चैनीचे नव्हेत, नित्याच्या गरजेचे आहेत. तोंड एका इयत्तेला शिकवीत असताना दुसऱ्या इयत्तेशी बोलण्यासाठी त्याच्याकडे उरतात ते डोळे आणि हात.

पाऊस, पत्रा आणि घसा

वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ मधील शिफारस आहे. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात, पत्र्याखाली, ही शिफारस वाचून हसू यावे. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. किनारपट्टीवर तो कमी असला तरी तीन हजारांच्या आसपास असतो. जुन्या शाळांवरील मंगलोरी कौले पावसाचा आवाज काहीसा शोषून घेत. दुरुस्ती सोपी म्हणून पत्रे आले, गळती थांबली आणि गोंगाट सुरू झाला.

अशा वेळी शिक्षक स्वाभाविकपणे आवाज चढवितो. मुलेही आपसांत बोलताना आवाज चढवितात. याची किंमत कोण मोजतो? अमेरिकेतील आयोवा आणि युटा या राज्यांत १,२४३ शिक्षक व १,२८८ अन्य व्यावसायिक यांची पाहणी करण्यात आली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेल्यांचे प्रमाण शिक्षकांमध्ये ५७.७ टक्के, तर इतरांमध्ये २८.८ टक्के होते. ज्यांच्या वर्गांना बंद खिडक्या आणि ध्वनिशोषक छत असते, तेथील हे आकडे आहेत. आपल्याकडील शिक्षक घसा बसला की लवंग चघळतो, हळदीचे दूध पितो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडतो. घसा बसणे हा पेशाचाच भाग आहे, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते.

हस्तसंकेतांना पावसाची बाधा होत नाही, हा त्यांचा सर्वांत साधा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा गुण.

आपल्याच परंपरेतील मूक भाषा

न बोलता बोलण्याची कला मराठी मुलखाला नवीन नाही. ‘करपल्लवी’ आणि ‘नेत्रपल्लवी’ हे दोन सुंदर शब्द आपल्या भाषेत मुळातच आहेत. गोंधळ घालणाऱ्या मंडळींत करपल्लवीची परंपरा आहे. श्रोत्यांपैकी कोणी एकाच्या कानात नाव सांगावे आणि त्याने बोटांच्या हालचालींनी ते दूरवरच्या साथीदाराला कळवावे, हा त्यांचा हातखंडा. बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरविण्याची रीतही सर्वपरिचित आहे. देवगडचा हापूस पिकविणाऱ्या बागायतदाराच्या मनात वाशीच्या बाजारातील या रुमालाविषयी फारसे प्रेम नसते, हा भाग वेगळा. एसटीचा वाहक एक घंटा देऊन गाडी थांबवितो आणि दोन घंटा देऊन सोडतो. रेल्वेचा गार्ड हिरवे निशाण दाखवितो. जेथे अंतर, गोंगाट किंवा गुप्तता आडवी येते, तेथे माणसाने शब्दाला पर्याय शोधलेला आहे.

शाळेने मात्र या परंपरेतून एकच आज्ञा उचलली : ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. हाताची घडी घातल्यावर तोंडावर बोट ठेवायचे कोणत्या हाताने, ही शंका प्रत्येक पिढीतील एखाद्या चौकस मुलाला येते आणि तिचे निरसन सहसा होत नाही. विनोद सोडला तरी या आज्ञेतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तीत मुलाचे हातही बंद होतात आणि तोंडही. शिक्षकाकडून मुलाकडे जाणारा तो संकेत आहे. उलट दिशेने काही येण्याची वाटच त्यात ठेवलेली नाही. याउलट करंगळीची खूण मुलाकडून शिक्षकाकडे जाते. वर्गात हस्तसंकेत आणावयाचे तर ते कोणत्या जातीचे आणावयाचे, हा खरा प्रश्न आहे. केवळ ‘गप्प’, ‘बसा’, ‘उभे राहा’ एवढेच संकेत ठरविले तर छडीऐवजी हात आला, इतकाच फरक पडेल. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोहोंना मनाई केल्यानंतर छडीची जागा अनेक ठिकाणी आरडाओरड्याने घेतली. तिची जागा मुक्या हुकमांनी घेण्यात विशेष प्रगती नाही.

शांततेकडे पाहण्याची दुसरी दृष्टीही महाराष्ट्राला परिचित आहे. १९०७ मध्ये रोम येथे बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी ‘शांततेचा खेळ’ रूढ केला. एकदा त्या चार महिन्यांचे झोपलेले तान्हे बाळ हातांवर घेऊन वर्गात आल्या आणि त्याच्याइतके निःशब्द होता येते का, असे त्यांनी मुलांना विचारले. या खेळात शिक्षिका दूर उभी राहून एकेका मुलाचे नाव कुजबुजते. नाव ऐकू आलेले मूल पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जाते. येथे शांतता मुले स्वतः निर्माण करतात. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली आणि हा विचार आपल्या मातीत रुजविला. १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने तो आदिवासी पाड्यांपर्यंत नेला. हस्तसंकेतांची योजना यशस्वी होते ती या वाटेने गेली तर.

संकेत कोणते, किती आणि कसे

आठ-दहा संकेत पुरेत. त्याहून अधिक ठरविले तर पहिलीच्या मुलाला बाराखडीच्या जोडीला आणखी एक बाराखडी पाठ करावी लागेल. त्यांतील निम्म्याहून अधिक संकेत मुलांच्या वापराचे असावेत : पाणी, शौचालय, ‘मला अडले आहे’, ‘पुन्हा सांगा’, ‘माझे झाले’, ‘दुखते आहे’. शेवटचा संकेत यादीत सहसा नसतो. पण लाजऱ्या मुलाला पोटात दुखत असल्याचे चारचौघांत सांगण्याचा संकोच असतो आणि तो गुपचूप सोसत बसतो. शिक्षकाच्या बाजूने ‘लक्ष द्या’, ‘हळू’, ‘थांबा’, ‘शाबास’ एवढे असले की भागते.

‘लक्ष द्या’ या संकेताची रीत थोडी सविस्तर पाहण्याजोगी आहे, कारण बहुतेक ठिकाणी योजना येथेच फसते. शिक्षक उघडा तळवा उंचावून उभा राहतो. ज्या मुलाचे लक्ष जाते ते हातातील काम थांबवून स्वतःचा हात वर करते; त्याला पाहून शेजारचे. शांतता वर्गभर पसरायला सुरुवातीला अर्धे मिनिट लागते आणि ते अर्धे मिनिट शिक्षकाला युगासारखे वाटते. अधीर होऊन तो ‘अरे, हात दिसत नाही का?’ असे ओरडतो. त्या क्षणी मुले एक गोष्ट पक्की शिकतात : हात पाहण्याची गरज नाही, पाठोपाठ आवाज येणारच आहे. संकेताबरोबर शब्द उच्चारणे हे शिकविण्याच्या पहिल्या काही दिवसांत योग्य आहे. त्यानंतर शब्द गळून पडला पाहिजे.

दुसरी चूक फळ्याकडे तोंड करून संकेत देण्याची. हाताची भाषा डोळ्यांनी वाचावयाची असते, त्यामुळे शिक्षकाने मुलांना दिसेल असे उभे राहणे आणि अधूनमधून साऱ्या वर्गावर नजर फिरविणे हे तिचे व्याकरण आहे. मुलाने केलेली खूण पाच मिनिटे दुर्लक्षित राहिली तर ते मूल तोंडाने हाक मारणारच. तातडीने परवानगी देणे शक्य नसेल तर निदान ‘पाहिले, थांब’ एवढे मानेने किंवा हाताने कळवावयास हवे.

उत्तरे देण्यासाठी बोटांचा उपयोग हा या पद्धतीचा सर्वांत फलदायी भाग आहे. ‘सत्तावीस भागिले नऊ’ असे विचारले आणि मुलांना छातीशी बोटे धरून उत्तर दाखवावयास सांगितले, तर तोंडी उत्तर देणारा एकच हुशार मुलगा पुढे येण्याऐवजी प्रत्येकाचे उत्तर एका दृष्टिक्षेपात दिसते. कोणाला जमले नाही हे शिक्षकाला कळते आणि त्याचा गवगवाही होत नाही. कौतुकासाठी टाळ्यांऐवजी दोन्ही हात उंचावून तळवे हलविण्याची पद्धत कर्णबधिर समाजात जगभर प्रचलित आहे. शेजारच्या खोलीत परीक्षा चालू असताना ती उपयोगी पडते. शिवाय मुलांना ती मनापासून आवडते.

येथील वर्गांत आणखी एक निकड आहे. घरी मालवणी बोलणारे मूल पहिलीच्या पहिल्या महिन्यात प्रमाण मराठीत विनंती करावयास बिचकते. चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेल्या कामगारांची आणि आंब्याच्या बागांवर राखणीसाठी राहिलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले तर दोन्हींपासून दूर असतात. पाणी हवे, अडले आहे, झाले आहे, एवढे सांगण्याची सोय त्यांना भाषा येण्यापूर्वीच मिळाली, तर शाळेचा पहिला आठवडा तितका परका वाटत नाही. अर्थात त्यांना शब्दही शिकवावे लागतातच. खुणेवर भागते म्हणून ते लांबणीवर टाकणे हा त्या मुलांवर अन्याय ठरेल.

उसना संकेत घेताना

महाजालावर वर्गासाठीच्या संकेतांचे तक्ते भरपूर सापडतात. त्यांपैकी बहुतेक अमेरिकी सांकेतिक भाषेतील असतात आणि ते तसेच्या तसे उचलण्यात दोन धोके आहेत. पहिला, सांकेतिक भाषा जगभर एकच नाही. अमेरिकी सांकेतिक भाषेची वर्णमाला एका हाताने दाखविली जाते, तर भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरे दोन्ही हातांनी दाखविण्याची पद्धत आहे. दुसरा धोका लोकव्यवहाराचा. शौचालयासाठीचा अमेरिकी संकेत म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीतून अंगठा बाहेर काढलेली मूठ हलविणे. काही समाजांत ही मूठ असभ्य समजली जाते. करंगळीसारखी सर्वमान्य खूण हाताशी असताना ती टाकून ही मूठ शिकविण्याचे प्रयोजन काय? उंचावलेल्या अंगठ्याचेही तसेच. भ्रमणध्वनीमुळे तो आता कौतुकाचे चिन्ह झाला असला, तरी ‘ठेंगा दाखविणे’ हा वाक्प्रचार अजून जिवंत आहे आणि घरी आजोबांपुढे नातवाने अंगठा नाचविला तर त्याचा अर्थ वेगळाच लागू शकतो.

शक्य तेथे भारतीय सांकेतिक भाषेतील संकेत घेणे इष्ट. त्यासाठी आता साधने उपलब्ध आहेत. नवी दिल्ली येथे २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली. केंद्राच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती मार्च २०१८ मध्ये तीन हजार शब्दांची होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती सहा हजारांवर आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दहा हजारांवर गेली. हा कोश चित्रफितींचा आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनी, त्यावर आधारित ‘साइन लर्न’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजनही सुरू करण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय सांकेतिक भाषेच्या देशव्यापी प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये ‘पीएम ई-विद्या’ उपक्रमाची ३१ क्रमांकाची वाहिनी या भाषेसाठी सुरू झाली. दहा संकेत ठरविण्यापूर्वी शिक्षकाने अर्धा तास हा कोश पाहिला, तरी मुले पुढे एखाद्या कर्णबधिर व्यक्तीला भेटतील तेव्हा त्यांच्या हातांना थोडे तरी बोलता येईल.

बंद केलेले हात

या ठिकाणी एक जुना अन्याय आठवणे भाग आहे. पॅरिसमध्ये अठराव्या शतकात आबे द लेपे यांनी कर्णबधिर मुलांना त्यांच्याच हातांच्या भाषेतून शिकविण्याची शाळा चालविली. ही परंपरा अमेरिकेत पोहोचली आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा निघाली. पुढे सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शिक्षण केवळ वाचेतूनच व्हावे आणि खुणांना थारा देऊ नये, असा ठराव तेथे झाला. त्याच्या छायेत जगभर पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांचे हात रोखले गेले. भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास, म्हणजे या ठरावानंतर पाचच वर्षांनी सुरू झाली. देशातील अशा शाळांत दीर्घ काळ तोंडी पद्धतीचेच वर्चस्व राहिले. मिलान येथील ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० सालची व्हँकूवर परिषद उजाडावी लागली.

ऐकणाऱ्या मुलांना तोंड बंद ठेवावयास सांगणारी आणि न ऐकणाऱ्या मुलांना हात बंद ठेवावयास सांगणारी, अशा या दोन शाळा. दोघींनाही मुलांचे भले करावयाचे होते.

सांकेतिक भाषा म्हणजे खाणाखुणा नव्हेत, ती स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हे अमेरिकेतील विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये शास्त्रीय पद्धतीने दाखवून दिले. भारतीय सांकेतिक भाषेवर मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काम केले. त्यांच्या अभ्यासात मुंबईतील बोलीचाही समावेश होता. पुढे उलरिके त्सेशान यांनी तिच्या व्याकरणाचा तपशीलवार अभ्यास केला. या भाषेत ‘काय’, ‘कोठे’ असे प्रश्नार्थक संकेत वाक्याच्या अखेरीस येतात आणि भुवयांची हालचाल ही भावनेची नव्हे, तर वाक्यरचनेची खूण असते.

हे सांगण्याचे कारण असे, की वर्गातील दहा संकेत आणि सांकेतिक भाषा यांची गल्लत सहज होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५०.७ लाख होती. कर्णबधिर मुलांपैकी बहुसंख्य मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. म्हणजे घरात कोणालाच सांकेतिक भाषा येत नसते. असे मूल वाडीवरील शाळेत दाखल झाले आणि बाईंनी ‘आमच्याकडे खुणा आहेतच’ असे म्हटले, तर त्या मुलाला पाणी मिळेल, शौचालयाला जाता येईल. पण गोष्ट समजणार नाही, भांडता येणार नाही, ‘का?’ असे विचारता येणार नाही. त्याला भाषा हवी आणि ती जाणणारी माणसे हवीत. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १७ मध्ये सांकेतिक भाषेत पात्र असलेले शिक्षक, दिव्यांग शिक्षकांसह, प्रशिक्षित करून नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक, तसेच मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांच्याकडे अशा मुलाच्या पालकांना वेळीच पाठविणे हे शाळेचे काम आहे. वर्गातील दहा संकेतांची मदत होते ती वेगळ्या प्रकारे : त्या मुलाने हात हलविला की इतर मुले हसत नाहीत, कारण हात हलविणे ही तेथे सर्वांचीच रीत असते.

याहून अधिक वेळा घडणारी, पण लक्षात न येणारी गोष्ट निराळी आहे. पावसाळ्यात कान फुटणे, कानातून पाणी येणे हे लहान मुलांत सर्रास आढळते आणि त्या काळात त्यांची ऐकण्याची क्षमता तात्पुरती मंदावू शकते. हाक मारली तरी वळून न पाहणारे मूल ‘लक्षच देत नाही’ म्हणून बोलणी खाते. हातांच्या संकेताला तत्काळ प्रतिसाद देणारे आणि पाठीमागून मारलेल्या हाकेला मात्र कधीच न देणारे मूल शिक्षकाला दिसले, तर तो शिस्तीचा प्रश्न नसून कानाचा असू शकतो. ओरोस येथे जिल्हा रुग्णालय आहे, शाळांमध्ये आरोग्य तपासणी होत असते. तेथे ही शंका बोलून दाखविण्यास वेळ लागत नाही. उलट बाजूने, संकेत न दिसणारे मूल दृष्टिदोषाचे असू शकते. अशा मुलासाठी शब्द किंवा खांद्यावरील हलका स्पर्श कायम ठेवलाच पाहिजे.

बदलीनंतर

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. एका शाळेत घडविलेली पद्धत शिक्षकाबरोबर निघून जाते आणि नव्या शिक्षकाचे संकेत वेगळे असले तर मुलांचा गोंधळ उडतो. एकाच केंद्रातील सर्व शाळांनी समान संकेत ठरविले, तर ही अडचण पुष्कळशी कमी होईल. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. त्यांतील एक सत्र या कामी पुरेसे आहे आणि खर्च शून्य आहे. शाळा सुरू होतात जूनच्या मध्यास, पाऊसही त्याच सुमारास स्थिरावतो. पहिल्या पंधरवड्यात परिपाठानंतर रोज पाच मिनिटे, दिवसाला एक संकेत, अशा गतीने गेले तर जुलैतील पहिली मोठी झड लागेपर्यंत मुलांचे हात तयार असतात. तक्ता लावावयाचाच तर तो शिक्षकाच्या टेबलामागे नव्हे, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. चित्रे मुलांनीच एकमेकांच्या हातांकडे पाहून काढलेली असली तर अधिक बरे. अंगठा कधी कधी सहाव्या बोटासारखा दिसेल, तेवढे चालवून घ्यावे. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला हा तक्ता पहिल्याच दिवशी समजावून सांगण्याचे काम चौथीच्या मुलांकडे द्यावे.